चाकावरचा हात

आईवडिलांनंतर माझ्यावर सर्वांत जास्त उपकार कोणाचे असतील, तर ते माझ्या पहिल्या घरमालकांचे. बेलापूरच्या जुन्या गावात, दिवाळे गावच्या जेट्टीपासून चालत दहा मिनिटांवर त्यांचं घर आहे. मी त्यांना काका म्हणतो आणि त्यांच्या पत्नीला काकी. रक्ताचं नातं काही नाही. ते आगरी, इथल्याच मातीतले. मी मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावाहून आलेला. वडील बाजार समितीत पोती उचलायचे. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिला, पण इथे आलो तेव्हा पदवीधरही नव्हतो. बी.कॉम.चा एक पेपर राहिला होता.

हे कोणाला सांगू नकोस, असं वडिलांनी बजावलं होतं. मी काकांना पहिल्याच दिवशी सांगून टाकलं. त्यांनी मागची खोली दाखवली आणि दोन अटी घातल्या. पहिली, घरी येणारे सरकारी कागद मी वाचून त्यांचा अर्थ सांगायचा. त्यांची शेतजमीन शहरासाठी गेली तेव्हापासून कागद येणं थांबलं नव्हतं आणि ते चौथीपर्यंत शिकलेले. दुसरी अट, पेपर सुटेपर्यंत त्यांच्या पिकअपला हात लावायचा नाही. मी पिकअपबद्दल अवाक्षर काढलं नव्हतं. पण येता-जाता अंगणातल्या त्या पांढऱ्या गाडीकडे मी बघायचो, ते त्यांच्या लक्षात आलं असावं.

पेपर सुटला त्या दिवशी काकींनी तांदळाची भाकरी आणि सुकटीचं कालवण केलं आणि काकांनी मला ‘ग्रॅज्युएट’ म्हणायला सुरुवात केली. जेट्टीवर, चार माणसांत, मोठ्याने. ग्रॅज्युएट, पाना दे. ग्रॅज्युएट, खाली वाक, पँटीला डाग पडंल म्हणून भितोस काय. मला त्याचा कधी राग आला नाही. त्या हाकेत थट्टा होती तेवढाच अभिमानही होता. न्हावा शेव्याच्या एका कस्टम एजंटकडे माझी मुलाखत होती, तेव्हा काका त्या दिवशीचा मासळीचा फेरा सोडून मला पिकअपने घेऊन गेले आणि गेटबाहेर पाच तास उभे राहिले. मी आजही त्याच ऑफिसात आहे.

जमिनीच्या पैशातून घेतलेल्या वस्तूंपैकी टिकलेली ती गाडी एकच, असं काकी म्हणायच्या. बाकीचं लग्नांत गेलं, भावाभावांत गेलं. पिकअप राहिली. मी पहिल्यांदा तिच्या स्टिअरिंगवर बसलो तेव्हा मीटरवर तीन लाख किलोमीटर होऊन गेले होते, आणि मी सांगतोय त्या काळात चार लाख ऐंशी हजार. सकाळी बर्फ दिवाळ्याला, तिथून मासळीचे क्रेट खारघरला आणि पनवेलला. बर्फाचं पाणी आणि मासळीचं पाणी दोन्ही पत्रा खातात. मागच्या हौद्याचा तळ दोनदा बदलला होता, दरवाज्यांच्या खालच्या कडा तीनदा. इंजिन मात्र एकदाच खोललं होतं. काका दुपारी परत आले की आधी गाडीला गोड्या पाण्याने धुवायचे आणि मग स्वतः आंघोळ करायचे. काकी विचारायच्या, लग्न कोनाशी केलात तुमी. काका म्हणायचे, ती मायेराला जात नाय.

पण ती गाडी एवढी चालली ती धुण्यामुळे नाही, काकांच्या हातामुळे. प्रत्येक फेऱ्यानंतर, मधे चहाला थांबले तरी, ते गाडीभोवती एक फेरी मारायचे आणि उजव्या हाताची मागची बाजू चारही चाकांच्या मधोमध टेकवायचे. आत बेअरिंग कोरडं पडत असलं, ब्रेक अडकत असला, तर तिथला लोखंडी भाग तापतो. किती तापला यावरून काय बिघडलंय ते काका सांगायचे. त्यांचे मिस्त्री उरणकडचे एक वयस्क मुसलमान गृहस्थ होते. वीस वर्षं गाडी त्यांनीच सांभाळली. ते चाक उघडण्याआधी काकांना विचारायचे, हात काय म्हणतोय. काकांनी मागचं डावं म्हटलं की मागचं डावं निघायचं. एकदाही चुकलं नाही.

या हाताचा एक रिवाज होता. ज्याने गाडी चालवली त्याने हात लावायचा आणि त्याने ‘थंड’ म्हटलं की दुसऱ्याने लावायचा नाही. जेट्टीवरचे सगळे जुने गाडीवाले तो पाळायचे. माणसाच्या हातानंतर आपला हात लावणं म्हणजे तू खोटं बोलतोस असं तोंडावर सांगणं. मी नवा असताना एकदा सहज लावला होता. पुढचे दोन रविवार काकांनी माझ्याकडे पाना मागितला नाही.

लग्नानंतर मी खारघरला भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहायला गेलो, पण रविवार काकांकडेच जायचा. सकाळी गाडीखाली आडवं व्हायचं, नट आवळायचे, ऑइल बघायचं, आणि मग जेवायचं.

काकांना शुगर आहे हे घरात सगळ्यांना माहीत होतं. गोळ्या कधी घ्यायचे, कधी विसरायचे. एका रविवारी काकींनी स्टीलच्या पेल्यांत चहा आणून दिला. मला माझा पेला कडेलाही धरवेना, मी तो खाली ठेवला. काकांनी आपला मुठीत धरला होता आणि ते बोलत बसले होते. मी बघत राहिलो. पुढच्या रविवारी त्यांच्या दोन बोटांवर फोड होते. मी विचारलं तर म्हणाले, सायलेन्सरला लागला असंल, कळला पन नाय. त्याच दिवशी ते जेट्टीवरून एकाच पायात चप्पल घालून घरी आले. दुसरी वाटेत कुठेतरी पायातून निघून गेली होती. काकी म्हणाल्या, दुसरी काय मंत्रालयात जमा केलीत? सगळे हसले. मीही हसलो.

मला हसायला नको होतं, कारण मला कळलं होतं. माझ्या आईला शुगर होती. तिच्या तळपायात बाभळीचा काटा तीन दिवस मोडून राहिला होता आणि तिला पत्ता नव्हता. काकांच्या हातापायांत तेच होत होतं. म्हणजे त्यांचा हात आता चाकाला लागत होता, पण चाकाचं काही हातापर्यंत पोचत नव्हतं.

मी गप्प राहिलो. का, याचा मी नंतर पुष्कळ विचार केला. ज्या माणसाने मला माणसांत आणलं, त्याला मी काय सांगणार होतो? तुमचा हात गेला? त्यांच्याकडे जमीन नव्हती, शिक्षण नव्हतं. मुलगा दुबईला होता आणि फोनवर दोन मिनिटं बोलायचा. जेट्टीवर लोक त्यांना मान देत ते त्या हातासाठी. डॉक्टरकडे चला, एवढं मी एकदा म्हणालो. ते म्हणाले, गोळ्या हायेत. मी तेवढ्यावर समाधान मानलं.

त्यानंतरच्या एका उधाणाला खाडीचं पाणी जेट्टीच्या रस्त्यावर आलं. चाकं अर्धी बुडाली आणि काका सलग दोन दिवस त्या पाण्यातून बर्फ नेत राहिले. मिस्त्रींनी फोन करून सांगितलं की खारं पाणी आत गेलं असणार, आठ दिवसांच्या आत पुढची चाकं उघडून ग्रीस बदलू. काका म्हणाले, गणपती तोंडावर आलेत, फेरे जास्त आहेत, हात सांगेल तेव्हा येतो. मिस्त्रींना ते पटलं. हात सांगणार होताच.

एका रविवारी काकींना उरणजवळ माहेरी जायचं होतं. मीही बरोबर गेलो. गाडीत तिघं, काका चालवायला, मी मधे, काकी डाव्या खिडकीशी, कारण त्यांना गाडी लागायची. गव्हाण फाट्याला चहाला थांबलो. काकांनी नेहमीप्रमाणे फेरी मारली. पुढच्या डाव्या चाकाजवळ ते वाकले, हात टेकवला, उभे राहिले.

“थंड हाय. चल.”

मी त्या चाकापासून दोन पावलांवर होतो. मला जळक्या ग्रीसचा वास आला. बारीक होता, पण मला तो वास माहीत होता, त्यांनीच शिकवला होता. माझा हात पुढे झालासुद्धा. मग मी तो खिशात घातला.

तिथून पाच-सहा किलोमीटरवर, पोर्टकडे जाणाऱ्या रस्त्यावर, ते चाक निखळलं. गाडी डावीकडे बसली आणि तशीच घसटत कठड्यावर गेली. मागून येणारा कंटेनरचा ट्रेलर कसाबसा थांबला म्हणून आम्ही तिघंही आज आहोत. दरवाजा आत दबला होता. काकींचा पाय त्यात होता. गॅस कटरने पत्रा कापून त्यांना बाहेर काढेपर्यंत त्या शुद्धीवर होत्या आणि माझा हात धरून होत्या. पाय वाचला नाही. गुडघ्याखाली कापावा लागला. दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलात डोळे उघडल्यावर त्यांनी विचारलं, गाडीचा काय झाला.

काकांनी पहिल्या आठवड्यातच निकाल लावला. मिस्त्रींनी वर्षभरापूर्वी ते बेअरिंग बदललं होतं. त्यांनी डुप्लिकेट माल टाकला, असं काकांनी जेट्टीवर सांगितलं. काकांचा शब्द तिथे चालतो. एकेक गाडी मिस्त्रींकडे जायची बंद झाली. वीस वर्षांत मिस्त्रींनी काकांना ईदला बोलावलं नाही असं एकही वर्ष नव्हतं. त्यांनी हॉस्पिटलात यायचा प्रयत्न केला, तर काकांनी त्यांना जिन्यातूनच परत पाठवलं.

मी त्यांच्या गॅरेजवर गेलो. शटर अर्धं खाली होतं. ते आत स्टुलावर बसले होते. त्यांनी फळीवरून वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक पुडी काढली. त्यात अपघाताच्या जागेवरून त्यांनी वेचून आणलेले त्या बेअरिंगचे तुकडे होते. लोखंड निळं-जांभळं झालं होतं.

“हा रंग बघ बेटा,” ते म्हणाले. “हा एका फेऱ्याचा नाही. चार-पाच दिवस तापत होतं हे.”

मिस्त्री तुकडे बोटाने फिरवत राहिले.

“पण काकांचा हात रोज लागत होता. तो हात चुकत नाही, मी वीस वर्षं बघतोय. मग तापत नव्हतंच. म्हणजे एकदम तुटलं. म्हणजे माझाच माल खोटा निघाला.” पुडी परत गुंडाळत म्हणाले, “मी चाकाचं काम आता घेत नाही.”

डोळ्यांसमोर पुरावा होता, आणि तरी तो माणूस काकांच्या हातावर विश्वास ठेवून स्वतःला दोषी ठरवत होता. मी तिथून उठलो ते सरळ काकांकडे जायचं ठरवून. गेलोही. त्या दिवशी काकींच्या जखमेची पट्टी बदलायची होती, घरात पाहुणे होते. बोलणं झालं नाही. दुसऱ्यांदा गेलो तेव्हा काका एकटे होते. मी विषय काढला, म्हटलं, काका, मिस्त्री तसे नाहीत. हातही कधी चुकू शकतो. त्यांनी माझ्याकडे बघितलं. चिडले नाहीत.

“हात चुकला असता ना ग्रॅज्युएट,” ते म्हणाले, “तर मी गाडी त्याच दिशी इकली असती. आन् बायकोच्या समोर बसलो नसतो. पन हात थंड बोलला. तू व्हतास ना तिथं?”

मी होतो म्हणालो.

दरम्यान त्यांनी गाडी दुसऱ्या गॅरेजात नीट करून घेतली. नवा दरवाजा, नवा हब, पुढची दोन्ही बेअरिंग नवी. मीटर चालूच होतं. तिसऱ्यांदा गेलो त्या रविवारी ती अंगणात धुऊन उभी होती. उद्या नाही, पुढच्या सोमवारी फेरे सुरू करणार, असं काका म्हणाले. पहिला फेरा बर्फाचा नाही, काकींना माहेरी नेऊन आणायचं, राहिलेलं पुरं करायचं. काकी दारात खुर्चीवर बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, मना खिडकीच पायजे हां. काका हसले आणि त्यांनी माझ्याकडे पाना मागितला. पाना घेताना त्यांचा हात माझ्या हातात आला. अंगठ्याखाली नवा फोड होता, फुटलेला, आणि त्यात काळं ऑइल गेलं होतं. त्यांना तो दिसलाही नव्हता.

मी तेव्हाही बोललो नाही. घरी आलो आणि पत्र लिहिलं.

खारघरहून बेलापूर किती लांब आहे? मी रोज तिथून जातो. पण काकांच्या समोर माझी जीभ उचलत नाही, आणि काका कागदाला मानतात. पोस्टमनकडून सही करून घेतलेला प्रत्येक कागद त्यांच्या पत्र्याच्या पेटीत आहे. म्हणून स्पीड पोस्टाने पाठवलं. आजवर त्यांच्या घरी आलेला प्रत्येक कागद मी वाचून दाखवला. हा त्यांना एकट्याने वाचावा लागणार होता, म्हणून अक्षर मोठं काढलं, दोन ओळींत एक ओळ सोडून. पत्र असं:

तीर्थस्वरूप काका यांस,

साष्टांग नमस्कार.

हे पत्र दुसऱ्या कोणाकडून वाचून घेऊ नका. सावकाश, स्वतः वाचा. मी सोपं लिहिलं आहे.

काका, त्या दिवशी चाक थंड नव्हतं. गव्हाण फाट्याला मला जळक्या ग्रीसचा वास आला होता. मी हात पुढे केला आणि मागे घेतला, कारण तुम्ही थंड म्हणाला होता. तुम्ही विचारलंत, तू होतास ना तिथे. मी हो म्हणालो. पण जे सांगायचं ते सांगितलं नाही.

तुम्ही खोटं बोलला नाहीत. तुमच्या हाताला जे कळलं ते तुम्ही सांगितलंत. पण तुमच्या हाताला आता गरम कळत नाही. ते शुगरमुळे आहे. माझ्या आईला तसंच झालं होतं. तुम्ही पेला मुठीत धरलात तेव्हा मला कळलं. चप्पल निघून गेली तेव्हा पक्कं कळलं. ती गोष्ट अपघाताच्या दीड महिना आधीची. दीड महिना मी रविवारी तुमच्याकडे जेवलो आणि गप्प राहिलो. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून गप्प राहिलो. काकींचा पाय त्यात गेला. दोष द्यायचा तर मला द्या, तुमच्या हाताला नको, कारण हाताला माहीत नव्हतं आणि मला माहीत होतं.

मिस्त्रींचं बेअरिंग चांगलं होतं. त्यांच्याकडे तुकडे आहेत. लोखंड निळं पडलं आहे. चार-पाच दिवस तापल्याशिवाय तसं होत नाही, हे तुम्हीच मला शिकवलंत. त्यांनी ते तुकडे माझ्याशिवाय कोणालाही दाखवले नाहीत. तुमच्या हातावर त्यांचा एवढा विश्वास आहे की ते स्वतःलाच चोर समजतात. जेट्टीवर तुम्ही जे बोललात ते तुम्हीच मागे घ्यायला हवं. दुसऱ्या कोणाच्या बोलण्याला तिथे किंमत नाही.

माझ्यावर विश्वास ठेवू नका. दोन पेले घ्या, एकात चहा, एकात माठातलं पाणी. डोळे मिटा आणि काकींना ते तुमच्या हाताला लावायला सांगा. गरम कुठला आणि गार कुठला ते तुम्ही सांगा. त्या काय म्हणतात ते ऐका. तुमच्या उजव्या अंगठ्याखाली फोड फुटला आहे, तोही बघा आणि आजच डॉक्टरला दाखवा.

तुम्ही म्हणाला होता की हात चुकला असता तर गाडी विकली असती. विकू नका. माझं एवढं ऐका. गाडीत काही वाईट नाही.

सोमवारी मी रजा टाकली आहे. सकाळी सहाला अंगणात येतो. तुम्ही दार उघडलं नाहीत तरी मी गाडीजवळ थांबेन. काकींना माहेरी न्यायचं असेल तर मी चालवतो, तुम्ही मधे बसा. आणि फाट्याला चाकाला हात मी लावेन. मग तुम्हाला वाटलं तर माझ्या हातानंतर तुम्ही लावा. मला त्याचा राग येणार नाही.

आपला,
ग्रॅज्युएट